नमुना बारा

आमच्या लॅपटॉपवर ‘क’ नावाचं एक फोल्डर आहे. क म्हणजे कॅनडा. तेव्हा पूर्ण नाव द्यायची लाज वाटली होती. शिवाय मुलीनं वाचलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला कळलं असतं.

फोल्डर तयार केलं तो दिवस पक्का आठवतो. २ जुलै २०२३, रविवार. मी सोमवार ते शनिवार गडचिरोलीत खोली करून राहतो, तिथून धानोऱ्याकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अपडाऊन करतो आणि रविवारी चंद्रपूरला घरी येतो. त्या दुपारी जेवून टीव्ही लावला, तर राजभवनात शपथविधी सुरू. मंत्रिमंडळाचे विस्तार सोडले तर २०१९ च्या निवडणुकीनंतरचा हा चौथा. मी ज्यांना निवडून आणायला मत दिलं होतं ते आणि ज्यांना पाडायला दिलं होतं ते, दोघंही एकाच फोटोत हसत उभे होते. माझ्या एका मतात एवढी माणसं मावतात हे मला माहीतच नव्हतं.

बहुतेक महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या मुदती संपून वर्ष उलटलं होतं. निवडणुका नाहीत, तिथं प्रशासक. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक नालीचा विषय काढला की हात जोडायचे, “सर, मी आता माजी.” गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी रोजच्यासारखीच बसत होती. मुलीचा इन्हेलर दप्तरातल्या वॉटरबॅगशेजारी कायमचा मुक्कामाला आला होता. त्या रात्री बायकोला म्हणालो, “बस झालं. जाऊ इथून.”

ती स्टाफ नर्स आहे. दोन मिनिटं गप्प राहून म्हणाली, “ठीक आहे, पण नीट चौकशी कर.”

चौकशी म्हणजे नागपूरचा एक सल्लागार. त्यानं कागदावर गुणांचा तक्ता मांडला. कॅनडाच्या हिशेबात विशी ते एकोणतिशीचा माणूस सगळ्यात मोलाचा. पुढं दरवर्षी गुण उतरतात आणि पंचेचाळिशीला वयाचे गुण शून्य. मी एकोणचाळीस वर्षांचा. आपल्याकडे सत्तरीतला माणूस ‘युवा नेतृत्व’ म्हणून फ्लेक्सवर झळकतो आणि मी चाळिशीच्या आतच उतरणीला लागलेलो. त्यात माझ्या मराठी विषयाच्या एम.ए.ला तिथं कोण विचारणार? शेवटी ठरलं की मुख्य अर्जदार बायको, मी तिच्यासोबत जाणारा. “म्हणजे तू सामानात,” ती म्हणाली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी भरली, पदव्यांचं मूल्यांकन करून घेतलं, बँकेत किती रक्कम दाखवावी लागेल तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमागं पेन्सिलनं लिहून ठेवला.

बाबांना सांगणं अवघड होतं. ते सावली तालुक्यात धान पिकवतात. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तेव्हा ३७२ कोटींचा असलेला प्रकल्प पुढं १८ हजार कोटींच्या वर गेला. कालव्याच्या पाण्याची वाट बघण्यात बाबांचे केस पांढरे झाले आणि नंतर गेलेही. पुढाऱ्यांवर रागवायचा हक्क आमच्या घरात कुणाला असेल तर तो त्यांना. मी सगळं सांगितलं. सरकार, पक्षबदल, रस्ते, हवा. ते बिडी विझवत म्हणाले, “तिकडं पुढारी नसतेत का बे?”

मला त्यांचा प्रश्न भोळा वाटला.

मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीचा आदेश आला. केंद्राध्यक्ष. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये एक गठ्ठा फिरत होता, नमुना १२. आपल्या मतदारसंघाबाहेर मतदानाच्या ड्यूटीवर असलेल्या कर्मचाऱ्यानं हा अर्ज भरला की टपाली मतपत्रिका मिळते. माझं नाव चंद्रपूरच्या यादीत, ड्यूटी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. गठ्ठा माझ्यापर्यंत आला. मी एक कागद घेतला, त्याच्या पाठीवर मशीनच्या जोडणीचा क्रम उतरवून घेतला आणि गठ्ठा पुढं सरकवला. यादी भाग क्रमांक शोधायचा कंटाळा होता, पण स्वतःला मात्र सांगितलं की हा निषेध आहे.

आमची मतदान पार्टी हेलिकॉप्टरनं गेली. १६ एप्रिलला शेजारच्या छत्तीसगडमधल्या कांकेर जिल्ह्यात चकमकीत २९ नक्षलवादी मारले गेल्याची बातमी आली होती. बेस कॅम्पवर मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. पोलीस मदत केंद्राच्या आवारात उतरलो, रात्री तिथंच झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटे जवानांच्या मागोमाग एका रांगेत पायी निघालो. मतदान यंत्राची पेटी शिपायाच्या खांद्यावर आणि शाईची बाटली माझ्या शर्टाच्या खिशात, सांडू नये म्हणून. भामरागड तालुक्यातलं ते गाव. नाव सांगत नाही. शाळेची एक खोली, एक वऱ्हांडा, फळ्यावर तीनचा पाढा.

१९ तारखेला साडेपाच वाजता टॉर्चच्या उजेडात अभिरूप मतदान घेतलं. पन्नास खोटी मतं टाकायची, मोजून जुळवायची, मशीन कोरं करायचं, चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात घालून मोहोरबंद करायच्या. गावात एकच मतदान प्रतिनिधी होता. तो आणि आम्हीच आळीपाळीनं बटणं दाबत बसलो. खोटी मतं मी पंधरा-वीस तरी दिली असतील.

सातला दार उघडलं तेव्हा वऱ्हांड्यात मोहाचा वास भरला होता. मोहफुलं पहाटे गळतात. ती वेचून बाया टोपल्यांसकट थेट रांगेत आल्या होत्या. आमच्या केंद्रावर मतदान दुपारी तीनपर्यंतच होतं, अंधार पडायच्या आत परतायचं म्हणून. काही जण दुसऱ्या पाड्यांवरून जंगलातून चालत आलेले. कुणी मतदार ओळखपत्र आणलेलं, कुणी आधार, कुणी रोजगार हमीचं जॉब कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. या गावाला पूल नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्यांचा तालुकाच जगापासून तुटायचा. पुढाऱ्यांनी फसवलेल्यांची यादी करायची तर यांचं पान पहिलं लागेल. तरी दहा वाजेपर्यंत आम्हाला चहा प्यायला उसंत मिळाली नाही.

अकराच्या सुमाराला एक म्हातारी आली. मतदार नोंदवहीत अंगठा घेताना दोनदा पुसून पुन्हा घ्यावा लागला. रेषाच उमटेनात, झिजून गेल्या होत्या. डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची रेघ ओढून घेताना ती माझ्याकडे बघत राहिली. मग माडिया भाषेत काहीतरी म्हणाली. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मी केंद्रावर मदतीला असलेल्या गावच्या आशाताईंना विचारलं, “काय म्हणते आजी?”

त्या जरा चाचरल्या. “काही नाही सर. आजी विचारते, साहेबाच्या बोटाला शाई कशी नाही?”

मी म्हणालो, “आमचं मत पोस्टानं जातं.”

आशाताईंनी ते माडियात सांगितलं. आजीनं मान डोलावली आणि पडद्याआड गेली. बीप वाजला. माझं खोटं आता दोन भाषांत झालं होतं.

त्या दिवशी गडचिरोली-चिमूरमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झालं. पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्रातल्या पाच जागांमध्ये सगळ्यात जास्त. नागपूर शहर पंचावन्नच्या आतच राहिलं. हे आकडे मी परतल्यावर वाचले. नागपूरकरांना नावं ठेवायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

नंतर बरेच दिवस बाबांचा प्रश्न मनातून जाईना. कॅनडात पुढारी असतातच. पण कायम रहिवासी म्हणून गेलेल्याला, नागरिक होईपर्यंत, तिथं मत नसतं. ही गोष्ट मी सल्लागाराच्या कागदावर वाचली होती आणि, खरं सांगायचं तर, मला हायसं वाटलं होतं. चांगले पुढारी मिळावेत म्हणून मी देश सोडत नव्हतो. पुढाऱ्यांशी आपला संबंधच उरू नये, नाली आपोआप वाहावी आणि आपण बिल भरून मोकळं व्हावं, एवढीच माझी मागणी होती. ही नागरिकाची नाही, गिऱ्हाइकाची मागणी आहे. तक्रारही मी तशीच करत होतो, दुकान बदलण्याची धमकी देत.

धानोऱ्याच्या रस्त्यावर लेखा लागतं, त्याला लागून मेंढा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा मी एसटीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, पुतळ्याखालचा मजकूर वाचावा तशी. त्या जूनमध्ये पहिल्यांदा उतरलो. तिथं फार काही दिसत नाही. घरं, गोठे, बांबू. कळतं ते बसून ऐकल्यावर. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती येईना. गावानं अभ्यासगटात कायदा वाचला, पत्रं लिहिली, पुन्हा लिहिली. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला देऊन गेले. या गावाला पुढारी काही वेगळे मिळाले नव्हते. ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. शेवटच्या एकाचं मन वळेपर्यंत बैठक पुढं ढकलतात. किती कंटाळवाणं असेल ते! मी वर्गशिक्षकांची बैठकही अर्ध्यातून सोडतो.

तीन लाखांवर वस्तीच्या चंद्रपूरचं मेंढा होणार नाही, हे मलाही कळतं. नालीसाठी मी आजवर तीन अर्ज दिले. एकाला उत्तर आलं. नाली अजून तुंबलेलीच आहे.

‘क’ फोल्डर मी पुसलेलं नाही, कारण ते माझं एकट्याचं नाही. बायको अजून अधूनमधून उघडते. एकदा विचारलं, तर म्हणाली, “मी कधी पुढाऱ्यांचं नाव घेतलं? बारा तासांची ड्यूटी आणि हातात येणारा पगार बघून मला जावंसं वाटतं. तुझ्या शपथविधीशी माझा काय संबंध?” तिचं कारण सरळ आहे. तिनं उद्या पुन्हा परीक्षा द्यायची ठरवली, तर मी सामानात जायला तयार आहे.

ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. पगारासाठी जावं, मुलांच्या शाळेसाठी जावं, बर्फ बघायला जावं. पण ते पुढाऱ्यांच्या खात्यावर टाकू नये. त्यांच्या खात्यावर आधीच पुष्कळ आहे, आणि आपला कंटाळा त्यात मिसळला की त्यांचा हिशेबही नीट लागत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला पुन्हा केंद्राध्यक्षाची ड्यूटी लागली. प्रशिक्षणात तोच गठ्ठा फिरत आला. यादी भाग क्रमांक मी घरून लिहून नेला होता. नमुना १२ भरला, सही केली आणि मग गठ्ठा पुढं दिला.