कललेल्या थरांचा मुलूख

खंडाळ्याच्या कड्यावर लाव्हाचे थर किती निश्चिंत आडवे पडलेले असतात. पावसाळ्यात एकेका थराच्या कडेवरून पाणी थांबत थांबत खाली येते आणि डोळा नकळत पायऱ्या मोजू लागतो. घाट उतरून पनवेल मागे टाकले, जासईवरून उरणच्या वाटेला लागलो, खाडीचा खारा, कुजकट, ओळखीचा वास नाकात शिरला, की पायाखाली काहीतरी बदललेले असते. दगड तोच, काळा, सच्छिद्र, उन्हात तापला की पाय ठेवू न देणारा. पण थरांनी आता आडवे राहणे सोडलेले असते. ते कललेले असतात, पश्चिमेकडे, समुद्राकडे, जणू तिकडे कुणी निघून गेले आहे.

निघून गेलेच आहे.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला जात होता. आज उरले आहे तेवढेच मोजले तरी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूमी त्याखाली झाकली गेलेली. त्याच उलथापालथीच्या काळात आपल्या किनाऱ्याला लागून असलेला एक तुकडा तुटला आणि वाहत दूर गेला. सेशेल्सची बेटे म्हणजे तो तुकडा. तुटताना इकडची कड ताणली गेली, भेगाळली, खचली आणि वाकली. त्या दीडशे किलोमीटर लांबीच्या वाकण्याला भूवैज्ञानिक ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्याचा अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या लोकांत जॉन ऑडन होते, कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले भाऊ. एका घरातला एक भाऊ शब्दांचे ताण ऐकत बसला आणि दुसरा आमच्या दगडांचे. मला हे फार सुंदर वाटते.

आम्ही उरणकरांनी जमीन मात्र वेगळ्या मापांनी ओळखली. गुंठ्याने, सातबाऱ्याने, संपादनाच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाने. 1984च्या जानेवारीत जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला याच जमिनीसाठीच्या आंदोलनात पाच माणसांनी प्राण दिले. त्यानंतर आमच्या घरांत ‘जमीन’ हा शब्द कधी हलक्या आवाजात उच्चारला गेला नाही. 1989मध्ये शेव्याचे बंदर सुरू झाले, डोंगर फोडले गेले, त्यांचे तुकडे डंपरमधून खाजणात ओतले गेले, मिठागरे पुसली गेली. दगड आमच्यासमोरून रात्रंदिवस जात राहिला आणि त्याच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचायला आमच्यातले फारसे कुणी उभे राहिले नाही. पोटाची आणि हक्काची लढाई चालू असताना कोण वाचत बसणार? त्या पिढीला मी बोल लावत नाही. पण आता वाचायला कुणीतरी हवे आहे, ही हुरहूर मला सोडत नाही.

माझी आजी वाचायची, तिच्या परीने. ओहोटीला कालवे काढायला खडपावर जायची. कुठला खडक आधी उघडा पडतो, कुठे चिरेत पाणी साठून राहते, कुठे दगड अचानक तुटून खाली गेल्यासारखा होतो, हे सारे तिच्या तळपायांना पाठ होते. त्या तुटलेपणाला भूशास्त्रात प्रस्तरभंग म्हणतात. तिला नाव ठाऊक नव्हते, पण तिथे पाय जपून टाकायचा हे ठाऊक होते.

आणि मग 2017चा तो शोधनिबंध. घारापुरी, आमच्याच तालुक्यातले बेट, सहाव्या शतकातल्या लेण्यांसाठी जगाला माहीत. लाखो लोक बेटावरच्या शेतबंदरला उतरले, पायऱ्या चढले, त्रिमूर्तीसमोर स्तब्ध झाले आणि परत गेले. हृषीकेश सामंत, हेतू शेठ आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या बेटाच्या उघड्या खडकात दोन मोठे प्रस्तरभंग पाहिले, मोजले, त्यांच्यावरच्या घसरणीच्या रेघांवर हात फिरवला. आधी कुणीच नोंदवलेले नव्हते ते. हा भंगांचा पट्टा बहुधा अलिबाग-उरणच्या भंगपट्ट्याचेच उत्तरेकडचे टोक असावा, असे त्यांनी लिहिले. आणि उरणजवळ तर जमिनीचे तुकडे नुसते खचले नाहीत, फिरलेही. त्या निबंधावर सात नावे आहेत. सात माणसे मिळून एका बेटाकडे बघतात, हे मी कितीदा तरी मनात घोळवले.

बाय, तुला हे सांगते आहे कारण तू परवा विचारलेस, अशा गटात शिरायचे कसे.

वाटा आहेत, आणि फार लांबच्या नाहीत. बी.एस्सी. झाली की एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅमची परीक्षा, तिथून पवईच्या आयआयटीत उपयोजित भूविज्ञान किंवा भूभौतिकीची एम.एस्सी. पुढे नेट, तिच्यात भू, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय असतो, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये. घरच्यांना हा आकडा आधी सांग, बाकीचे मागाहून. भौतिकशास्त्र आवडत असेल तर नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतले सूक्ष्म मोजमाप बिघडणार, म्हणून त्या वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी 1904मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. करंजाच्या तरीने रेवसला उतरले की तो तालुका लागतो. त्या परंपरेचा वारसा सांभाळणारी ही पनवेलची संस्था. तिची उपकरणे आज अंटार्क्टिकावरच्या मैत्री तळावरही पृथ्वीचे चुंबकत्व टिपत असतात.

आणि चुंबकत्व म्हणजे काय, तर दगडाची आठवण. लाव्हा थिजून थंड होताना त्यातल्या लोहखनिजांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा आपल्यात धरून ठेवली. ती तपासली तेव्हा कळले, हा दगड जन्मला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मोऱ्याच्या धक्क्यावर आपण ज्या दगडाला टेकून बोटीची वाट पाहतो, तो दुसऱ्या गोलार्धातला आहे. एवढा प्रवास करून तो इथे आला, आणि आपण त्याला स्थावर म्हणतो.

प्राध्यापकांना पत्र लिहिशील तेव्हा मोठमोठे शब्द शोधत बसू नकोस. त्यांचा एखादा निबंध मन लावून वाच, त्यातले काय कळले नाही ते सरळ विचार. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करू देतील का, म्हणून विचार. सुरुवातीला टेपचे दुसरे टोक धरावे लागेल, नमुन्यांच्या पिशव्यांवर आकडे लिहावे लागतील, दगड पाठीवर वाहावे लागतील. ते काम कमी प्रतीचे नाही. घारापुरीचे ते भंगही अशाच मोजमापांतून हाती आले.

आणि एक गोष्ट तुझ्याजवळ आहे. ती मंडळी उरणच्या खडपावर यायचे ठरवतील तेव्हा सवडीचा वार बघतील. तू त्यांना सांगशील की भांगाच्या दिवसांत तो खालचा खडक उघडा पडतच नाही. अमावास्येच्या उधाणापर्यंत थांबा, आणि मग पाणी पुरते ओसरायच्या आधीच खडपावर हजर राहा.