गोष्टीचे नाव

आमच्या भित्तिपत्रिकेसाठी या वेळी प्रत्येकाने एक गोष्ट लिहायची होती. माझी गोष्ट सगळ्यांच्या आधी लिहून झाली. दोन पाने भरली. पण तिला नाव नव्हते. बाई म्हणाल्या, "बिननावाची गोष्ट मी भिंतीवर लावणार नाही. आपल्या गावात बिननावाचा माणूस आहे का कोणी?" सगळी मुले हसली. मीपण हसले. पण नंतर आठ दिवस माझे हसू पळाले. गोष्ट लिहायला मला एक दुपार लागली आणि नाव द्यायला आठ दिवस लागले. म्हणून ही नावाची हकीकत लिहीत आहे. गोष्ट शेजारच्याच पुठ्ठ्यावर लावली आहे. ती आधी वाचली तरी चालेल आणि मागून वाचली तरी चालेल.

गोष्ट आमच्या चांदीची आहे. चांदी म्हणजे आमच्या कपिली गाईचे वासरू. तिच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. रात्री ती कपिलीचे सगळे दूध पिऊन टाकील म्हणून तिला गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडत होतो. ती लहान असल्याने तिला दावे लावत नव्हतो. नुसती दाराची कडी लावली की झाले. आषाढात एका रात्री फार पाऊस झाला. आमच्या मावळात पाऊस पडतो म्हणजे कसा, ते तुम्हाला सांगायला नको. ओढ्याला पूर आला. त्या रात्री दार उघडे राहिले आणि चांदी बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती खाली बंधाऱ्यापाशी सापडली.

मी पहिले नाव दिले होते "माझे आवडते वासरू". बाई म्हणाल्या, "हा निबंध झाला. याच्यात मला चार पाय, दोन कान, एक शेपूट सापडेल." दुसरे नाव दिले "भयानक रात्र". ते मला फार आवडले होते. पण माझ्या बाकावरची मैत्रीण गोष्ट वाचून म्हणाली, "भूत कधी येणार?" मी म्हटलं, भूत नाहीच. ती म्हणाली, "मग भयानक रात्र कशाला म्हणलीस? मी उगीच घाबरून वाचत बसले." तिसरे नाव होते "पुरात वाहून गेलेली आमची गरीब चांदी". हे नाव आमच्या वर्गातल्या मुलाने नापास केले. तो पुठ्ठ्यावर मथळे काढतो, त्याचे अक्षर छापल्यासारखे आहे. तो म्हणाला, "चार शब्दांच्या वर पुठ्ठ्यावर मावत नाही. आणि चांदी मेली हे वरच कळलं, तर खालचं कोण वाचंल?" मला त्याचा राग आला. पण तो म्हणाला ते खरे होते.

मग एका शनिवारी बाईंनी वाचनपेटी उघडली. पुस्तके सतरंजीवर मांडली आणि सांगितले, आज कोणी पुस्तक उघडायचे नाही. नुसते नाव वाचायचे आणि आत काय असेल ते सांगायचे. ही गंमत फार छान झाली. "एक होता कार्व्हर" हे नाव वाचून पुष्कळ मुले म्हणाली, राजाची गोष्ट असणार, कारण 'एक होता राजा' असेच सुरू होते ना! बाई म्हणाल्या, राजा नाही. अमेरिकेतल्या गुलाम आईचा तो मुलगा होता. तो मोठा शास्त्रज्ञ झाला आणि शेंगदाण्यापासून नाना वस्तू केल्या. वीणा गवाणकरांनी त्याचे चरित्र १९८१ साली लिहिले. शेंगदाणा म्हटल्यावर आम्हाला लोणावळ्याची चिक्कीच आठवली आणि पाच मिनिटे वर्गात चिक्कीच चालू होती. "फास्टर फेणे" हे भा. रा. भागवतांचे पुस्तक आहे. त्याचे खरे नाव बनेश आहे, आणि तो आपल्या पुणे जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. बनेश फेणे म्हटले तर तो बसलेला वाटतो आणि फास्टर फेणे म्हटले की पळायला लागतो.

"श्यामची आई" सगळ्यांना माहीत होती. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गोष्टी श्याम सांगतो, पण पुस्तकाला नाव आईचे. आतल्या गोष्टींनापण वेगवेगळी नावे आहेत. एकीचे नाव आहे "पत्रावळ". मी विचारले, "बाई, पत्रावळ हे कसलं नाव? ती तर जेवण झालं की टाकून देतात." बाई म्हणाल्या, "वाच मग." मी मधल्या सुट्टीत वाचली. त्यात श्याम पत्रावळ लावायला शिकतो. ती वाचल्यापासून लग्नात जेवताना मला श्याम आठवतो. म्हणजे एवढ्याशा वस्तूचे नावपण चालते.

नावांचा नाद लागला की सगळीकडे नावेच दिसतात. आम्ही सहलीला लोहगडावर गेलो होतो. गडाची एक सोंड लांब आणि निमुळती पुढे गेली आहे, तिला विंचूकाटा म्हणतात. वरून बघितले की खरेच विंचवाची नांगी दिसते. ज्याने हे नाव ठेवले त्याला आठ दिवस लागले नसतील. २०२५ साली लोहगडासह बारा किल्ल्यांची नावे जागतिक वारसा यादीत गेली. त्या यादीत सगळ्यांना मिळून "मराठा लष्करी भूप्रदेश" असे मोठे नाव आहे. आमचा मथळेवाला म्हणतो, ते पुठ्ठ्यावर मावेल पण विंचूकाटाच बरा. लोहगडाला चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे दरवाजे लागतात. वाट अशी वळवली आहे की एका दरवाज्यातून पुढचे सगळे एकदम दिसत नाही. आणि लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या पुढे नागफणीचा सुळका आहे. इंग्रजांना तो त्यांच्या वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक वाटला, म्हणून त्यांनी ड्यूक्स नोज म्हटले. आपल्या लोकांना नागाचा फणा दिसला. दगड एकच आहे, पण ज्याने त्याने आपल्या मनातले बघितले.

हे मी बाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "मग तुझ्या मनात काय आहे? गोष्ट वाचल्यावर डोळ्यापुढे कोणती वस्तू राहावी?"

मी एकदम म्हटलं, "कडी."

बाईंनी माझी वही परत वाचली. म्हणाल्या, "अगं, कडी तर एकदाच आली आहे. वाऱ्याने कडी निघाली, एवढंच लिहिलंयस." मग त्यांनी आमच्या वर्गाच्या दाराकडे बघितले. वर्गाला साखळीची कडी आहे, ती वर कोयंड्यात अडकवतात. बाई म्हणाल्या, "वाऱ्याने कडी निघते का गं?" एवढेच म्हणाल्या आणि दुसरीच्या मुलांची पाटी तपासायला गेल्या.

आमच्या घरीसुद्धा तशीच कडी आहे. ती वाऱ्याने निघत नाही.

आता खरे लिहिते. त्या संध्याकाळी चांदीला कोंडायचे काम माझे होते. मी तिला गवत टाकले, दार ओढले आणि कडी हातात धरली होती. तेवढ्यात दादाने हाक मारली, "चल गं, खेकडे निघालेत!" पहिल्या मोठ्या पावसात खेकडे बाहेर येतात आणि बॅटरी घेऊन ते धरायला फार मजा येते. मी कडी सोडली आणि पळाले. त्या दिवशी आम्ही अर्धी बादली खेकडे आणले. रात्री कालवण खाल्ले. मी दोनदा वाढून घेतले.

सकाळी सगळे म्हणाले वाऱ्याने दार उघडले. मी गप्प राहिले. पण आजी म्हणाली, "वारं न्हाई. मीच म्हातारी कडी लावायची इसरले असंन." कारण माझे झाल्यावर आजी रोज एकदा कडी बघत असे, आणि त्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते म्हणून ती उठली नव्हती. तेव्हापासून आजी रात्री दोनदा उठते. अंधारात भिंत धरत जाते, कडी चाचपते आणि परत येते. मला तिच्या बांगड्यांचा आवाज येतो. मी जागी असते, पण झोपेचे सोंग घेते.

म्हणून मला नाव सुचत नव्हते. मी सगळी नावे चांदीवर आणि पावसावर ठेवत होते.

मी वहीतली "वाऱ्याने कडी निघाली" ही ओळ खोडली. तिथे खेकड्याचे सगळे लिहिले. कालवणाचेसुद्धा लिहिले. अर्धे पान वाढले. आणि वर नाव लिहिले, "कडी". मथळेवाला खूष झाला, कारण दोनच अक्षरे. त्याने 'क' मोठा काढला आणि त्याला लोंबती साखळी काढली.

पण पालक सभेला आजी येणार होती. आजीला वाचता येत नाही. कोणीतरी तिला भिंतीपाशी वाचून दाखवणार, त्यापेक्षा मीच वाचावे असे वाटले. काल रात्री जेवणे झाल्यावर मी चुलीपाशी वही घेऊन बसले. म्हटलं, "आजी, माझी गोष्ट ऐक. तिचं नाव कडी." आजी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मी एकदाही वर न बघता शेवटपर्यंत वाचले. खेकड्यांच्या ठिकाणी माझा आवाज बसला, म्हणून ती ओळ दोनदा वाचावी लागली.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांदीच्या कपाळावरचा ठिपका लिवला न्हाईस?" मी म्हटलं, लिहिलाय, पहिल्याच ओळीत आहे. ती म्हणाली, "मग परत वाच की." मी पहिली ओळ परत वाचली.

रात्री आजी कडी बघायला उठली नाही. मी उठले आणि बघून आले. कडी लावलेली होती.