अपग्रेडनंतर: लोड टेस्टिंगची टिपणे

१. लोड टेस्टिंगचे पायथन साधन लोकस्ट, आवृत्ती १.०, मे २०२०. ‘एचटीटीपीलोकस्ट’ क्लासचे नाव ‘एचटीटीपीयूजर’ झाले, पिपवरचे ‘लोकस्टआयओ’ पॅकेज ‘लोकस्ट’ झाले. जुनी स्क्रिप्ट चालवली की लगेच एरर, आणि त्यातच नवे नाव लिहिलेले. असा एरर लिहिणाऱ्याचे उपकार मानावेत.

२. ‘हॅच-रेट’चे ‘स्पॉन-रेट’, ‘नो-वेब’चे ‘हेडलेस’. पायथन फाइल सुधारली तरी सीआयची यामल आणि जुनी शेल स्क्रिप्ट उरतेच. ग्रेप करावे.

३. ‘मिन_वेट’, ‘मॅक्स_वेट’ मिलिसेकंदांत, ‘बिटवीन’ सेकंदांत. जुनेच आकडे उचलून बिटवीन(१०००, ३०००) लिहिले, तर प्रत्येक यूजर दोन टास्कच्या मध्ये किमान १६ मिनिटे ४० सेकंद गप्प बसतो. स्क्रिप्ट सुरळीत चालते. फेल्युअर शून्य, रिस्पॉन्स टाइम झकास.

४. ‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ हे दोन वेगळे इव्हेंट जाऊन ‘रिक्वेस्ट’ हा एकच आला. यशस्वी विनंत्या मोजणारे जुने फंक्शन त्याला तसेच जोडले आणि ‘एक्सेप्शन’ तपासले नाही, तर फसलेल्या विनंत्याही यशात मोजल्या जातात.

५. एसएसएलमध्ये खोलवर रिकर्शन एरर. कारण फाइलच्या पहिल्या चार ओळींत: जीइव्हेंटने मंकी-पॅच करण्याआधीच ‘बोटो३’ इम्पोर्ट झालेले. हे पॅच लोकस्टच्या इम्पोर्टसोबत होते, म्हणून तो सगळ्यात वर हवा. इम्पोर्ट अक्षरानुक्रमे लावणाऱ्या फॉर्मॅटरला त्या ओळीपुरते थांबवून ठेवावे, नाहीतर पुढच्या कमिटला एरर परत.

६. लोकस्टच्या एका प्रोसेसमध्ये ग्रीनलेट हजारो, कोअर एकच. लोड टाकणाऱ्या मशीनचा सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला की रिपोर्टमधला उशीर सर्व्हरचा राहत नाही.

७. पडताळा. लोकल सर्व्हर, प्रत्येक उत्तराआधी २०० मिलिसेकंदांचा स्लीप. ६० यूजर, वेट एक सेकंद, टास्कमध्ये एकच विनंती. एक फेरी १.२ सेकंदांची, ६० भागिले १.२, म्हणजे सेकंदाला ५० विनंत्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कागदावर दोन ओळींत बसतो. स्क्रीनवर ५०च्या आसपास आकडा दिसला तर पुढे जावे. १२ दिसला तर आधी स्क्रिप्ट उघडावी, खऱ्या सर्व्हरला हात लावू नये.

८. सर्व्हर मंदावला की लोकस्टचा यूजर उत्तराची वाट पाहतो, म्हणून लोडही आपोआप कमी होतो.

९. खरी गर्दी मात्र अशी कमी होत नाही. दहावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो. आधीच्या मुलाला उत्तर मिळेपर्यंत पुढचा मुलगा थांबत नाही.

१०. व्हर्जन पिन करावे. अपग्रेड एका कमिटमध्ये, सिनॅरिओतला बदल दुसऱ्या. दोन्हींच्या मध्ये क्रमांक ७ चालवावा.