स्केचबुक नंबर सात

गेल्या रविवारी सातवं स्केचबुक संपलं. उल्हासनगरच्या एका होलसेल दुकानातून घेतलेल्या गठ्ठ्यातलं. कागद पातळ, रंग लावला की पान पापडासारखं फुगतं. पण स्वस्त वहीचा फायदा असा की पान वाया गेल्याचं दुःख होत नाही. महागडं स्केचबुकही एक आहे घरी, वाढदिवसाला मिळालेलं. अजून कोरंच आहे, कारण त्यात काढण्याच्या लायकीचं काही सापडत नाही!

निम्म्याहून जास्त पानं बदलापूर लोकलमध्ये भरली आहेत. सकाळी प्रश्नच येत नाही, हात वर करायला जागा नसते. रात्री उशिराच्या गाडीला मात्र कल्याण गेलं की जरा मोकळं होतं आणि समोर झोपलेली मॉडेल्स मिळतात, फुकटात. मॉडेल अर्ध्या चित्रातच विठ्ठलवाडीला उठून चालू पडतं, मग उरलेला माणूस आठवणीवर. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतोय? तेव्हा मला तो छळ वाटायचा.

तर मुद्दा रेफरन्सचा. ऑफिसातले मित्र विचारतात, फोटो आहे ना, मग बघून काढायला काय लागतं? मलंगगडाचा फोटो काढून बघा. डोळ्यांना डोंगर केवढा वाटत असतो, आणि फोनच्या वाइड लेन्समधून आलेल्या फोटोत मात्र वायरी, पत्रे, आणि मागे कुठेतरी एक टेंगूळ. फोटो खोटं बोलत नाही. फक्त तो सगळ्याकडे सारखंच बघतो, आपण फक्त डोंगराकडे बघत असतो. मग कागदावर कुणाचं ऐकायचं?

अंबरनाथच्या शिवमंदिरात हाच प्रश्न जास्त अवघड होतो. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख तिथे आहे, शिलाहारांच्या काळातला. (लोक त्याला बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला, पण ते असो.) भिंतीसमोर उभं राहून फोन वर केला की उभ्या रेषा आत झुकतात. उन्हात सावल्या काळ्या होतात आणि त्या काळ्यात अख्ख्या मूर्ती बुडतात. शिवाय जवळजवळ हजार पावसाळ्यांनी नाकं, बोटं झिजवलेली. नाक नाही असं काढायचं, की होतं तसं?

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलचे टेरी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन याच मंदिराची चित्रं काढायला आणि साचे घ्यायला आले होते. जे. जे. सुरू होऊन जेमतेम ११ वर्षं झाली होती. वालधुनीच्या काठी बसलेल्या त्या पोरांसमोरही हाच प्रश्न आला असणार. पुढे १८७२ पासून ग्रिफिथ्सनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नकला करून घेतल्या, आणि त्यातल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. त्याआधीच्या रॉबर्ट गिलच्या नकलाही अशाच १८६६ मध्ये गेल्या होत्या. बॅकअप नसल्याची कहाणी आपल्या धंद्यातल्या माणसाला जास्तच लागते.

आमच्या घरात बॅकअप नसलेली एक गोष्ट आहे: आईच्या आईचा फोटो. एकच. बँकेच्या जुन्या पासबुकावरचा, कृष्णधवल, तिकिटापेक्षा थोडा मोठा. समोरून मारलेल्या फ्लॅशने नाकाची सावली खाल्लीय, आणि बँकेचा गोल शिक्का बरोबर हनुवटीवर बसलाय. आईला त्यावरून मोठं चित्र हवंय. मी स्कॅन केलं, चौकोन आखले, अगदी उलटं धरूनही काढलं (बेटी एडवर्ड्सची ही युक्ती शिक्क्यावर चालत नाही). आईने पाहिलं आणि म्हणाली, "फोटोसारखं आलंय. आईसारखं नाही."

म्हणून आता दर शनिवारी बदलापूरला मोठ्या मावशीकडे जातो. आजीचा तरुणपणचा चेहरा पाहिलेली तीच एक उरली आहे, आणि अलीकडे तिचं विसरणं वाढत चाललंय. कालचं जेवण आठवत नाही. मागच्या महिन्यात मला दोनदा मामाच्या नावाने हाक मारली. पण तीन-चार कच्ची चित्रं पुढे ठेवली की बोट बरोबर जागेवर जातं. "अरे, डावा खांदा खाली घे. कळशी त्याच बाजूला असायची तिची." फोटोत खांदे नाहीतच, पण खांदा खाली घेतला आणि मान आपोआप वळली. "नाक एवढं सरळ नव्हतं" म्हणाली, तेव्हा मी तिलाच खिडकीपाशी बसवलं आणि तिचं नाक तिरक्या उजेडात काढलं. ते चाललं.

परवा तर तिने पेन्सिलच काढून घेतली. फोटोत कपाळावर फ्लॅशची पांढरी चकाकी आहे, तेवढी जागा मी मोकळी सोडली होती. तिथे तिने कुंकू काढलं. चांगलं रुपयाएवढं, जोर देऊन, मागच्या पानावर उमटेल असं.

येत्या शनिवारी हनुवटीचं विचारायचं आहे.