सूर्यास्ताआधी घर गाठावे

बिडकीन हे गाव बहुतेकांना बसच्या खिडकीतून ठाऊक असते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालेला प्रवासी नक्षत्रवाडी आणि चितेगाव मागे टाकतो. बिडकीनच्या थांब्यावर काही माणसे उतरतात, काही चढतात आणि गाडी ढोरकीनच्या दिशेने चालू लागते. अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळे गावाचे नाव वृत्तपत्रांतून वारंवार वाचायला मिळते. आम्हा व्यापारी मंडळींसाठी मात्र हे दुकानाचे, तुरीचे आणि कापसाचेच गाव आहे. येथून पैठण सुमारे २५ किलोमीटर, शहरही जवळजवळ तितकेच. शहरापुढे ३० किलोमीटरवर वेरूळ, आणि शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, बीड रस्त्याच्या बाजूस कचनेर. तीन तीर्थे अशी हाकेच्या अंतरावर असूनही ती कशी करू नयेत, हे आम्ही एकदा अनुभवाने शिकलो. तोच अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमध्ये दुकान एक दिवस बंद ठेवून आम्ही मोटारीने निघालो. सकाळी वेरूळ, दुपारी कचनेर, सायंकाळी पैठण असा बेत होता. चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवरील नकाशात अंतर मोजून दाखवले. सगळे मिळून दोनशे किलोमीटरही भरत नव्हते. हिशेब चोख होता, पण त्यात आईचे वय धरलेले नव्हते. आई त्या वेळी ७६ वर्षांची होती. सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग हा तिचा चाळीस वर्षांचा नियम. वेरूळला गर्दी लागली, कचनेरला उशीर झाला, पैठणचा बेत रद्द करून घराकडे वळलो तर रस्त्याचे काम चालू असलेल्या ठिकाणी वाहनांची रांग तुंबलेली. आम्ही त्या रांगेत उभे असतानाच सूर्य मावळला. आईच्या हातात पाण्याची बाटली होती. तिने ती शांतपणे खाली ठेवली. वाटेत स्वच्छतागृहाची सोय मिळेल की नाही, या संकोचाने तिने दुपारपासून पाणी घेतलेच नव्हते, हे आम्हांला रात्री कळले. पायांत गोळे येऊन ती रात्रभर तळमळली आणि सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका झाल्यावरच तिने पाणी घेतले. नंतर एवढेच म्हणाली, “अरे, दोन क्षेत्रे झाली म्हणतोस, मला तर रस्ताच आठवतो.”

त्या एका वाक्याने आमच्या प्रवासाचे गणित बदलले. आता बेत आखताना पहिला प्रश्न असतो तो सूर्यास्त कधी, हा; किलोमीटर त्यानंतर. आपल्या भागात डिसेंबरच्या आरंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सात वाजून गेलेले असतात. हिवाळ्यात साडेचारला परतीस निघायचे, हा आमचा नियम झाला. दुसरा प्रश्न, बरोबर असलेल्या सर्वांत वयस्कर माणसास दिवसभरात किती चालवेल. आणि तिसरा ठराव, एका दिवशी एकच क्षेत्र.

पैठणसाठी आम्ही एस.टी. निवडली. शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकातून निघणाऱ्या पैठणच्या गाड्या बिडकीनवरूनच जातात, त्यामुळे मोटारीची आवश्यकताच नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. तो पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा. पैसे वाचतात हा लाभ लहान. मोठा लाभ असा की वाहन चालवण्याची चिंता नसल्याने घरातील सर्व माणसे एकमेकांशी बोलू शकतात. आईच्या शेजारी बसलेल्या बाईंनी आमचे दुकान ओळखले, त्यांच्या सासऱ्यांच्या काळच्या उधारीची आठवण निघाली आणि पैठण कधी आले ते कळले नाही.

गर्दीचे दिवस मात्र ध्यानात ठेवावेत. फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास नाथषष्ठीची यात्रा भरते. त्या वेळी जादा गाड्या सुटतात, तरीही उभ्याने प्रवास होतो. शनी अमावास्येला मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनासाठी दूरदूरचे श्रावक येतात. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी हे दिवस टाळून मधला साधा दिवस निवडावा. बसस्थानकापासून मंदिरापर्यंत रिक्षा करावी. पाच मिनिटांची बचत म्हणून ज्येष्ठांना उन्हात चालवू नये.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तळघरात विराजमान असलेल्या मुनिसुव्रतनाथांच्या वालुकामय मूर्तीपुढे बसल्यावर त्या नगरीचे प्राचीनत्व वेगळ्या रीतीने जाणवते. श्वेतांबर परंपरेत कालकाचार्यांनी पर्युषणाची तिथी भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थी केली ती याच प्रतिष्ठानात, असे मानले जाते. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात रचलेल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथातही प्रतिष्ठानावर स्वतंत्र प्रकरण आहे. दर्शनानंतर वेळ उरल्यास जायकवाडीचे धरण पाहावे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये त्याची कोनशिला बसवली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. आपल्या शहराच्या नळाला येणारे पाणी येथूनच निघते, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवण्याजोगे आहे.

वेरूळसाठी मात्र मोटार बरी, कारण बिडकीनहून शहरात गाडी बदलावी लागते आणि आत चालणेही पुष्कळ असते. मंगळवारी लेणी बंद असतात, हे विसरू नये. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची, तर श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी असते. दौलताबादच्या जुन्या दरवाजाजवळ आणि पुढे घाटात वाहने खोळंबतात, म्हणून घरून सकाळी सातला निघावे. एकूण ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ ही पाच जैन लेणी अगदी उत्तर टोकास आहेत. बहुतेक लोक आरंभी कैलास पाहतात आणि थकून जैन लेण्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. आपण उलट क्रम धरावा. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत ज्या मूर्तीला लोक इंद्र समजले ती वस्तुतः यक्षाची आहे, हे मुलांना सांगितले तर ती अधिक लक्षपूर्वक पाहतात. वरच्या मजल्यावर जाताना मात्र ज्येष्ठांचा हात धरावा.

लेण्यांच्या वरच्या डोंगरावर पार्श्वनाथांची भव्य आसनस्थ मूर्ती आहे. तिच्यावरील लेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५, असा काळ दिलेला आहे. पहिल्या फेरीत घाईमुळे आईने खालूनच हात जोडले होते. या वेळी आम्ही पायऱ्यांवर थांबत थांबत निघालो. मध्येच मी घड्याळ पाहिले तेव्हा ती म्हणाली, “भगवान आठशे वर्षे बसले आहेत, आपण घडीभर बसलो तर काय बिघडते?” ती वर पोहोचली. तिने नमोकार म्हटला तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही हातात भ्रमणध्वनी नव्हता.

कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांची यात्रा कार्तिक पौर्णिमेस भरते. खंडित झालेले मूर्तीचे मस्तक पुन्हा जुळल्याची तेथील आख्यायिका आपल्या घराघरांत सांगितली जाते. यात्रेच्या दिवसांत पायी जाणारे भाविक रस्त्याच्या कडेने चालत असतात. शिवाय चातुर्मास संपून साधू-साध्वींचा विहार सुरू होण्याचाही हाच काळ. ते पहाटेच्या अंधुक प्रकाशात चालतात, आणि अंधुक प्रकाशातच मोटारी भरधाव जातात. आपल्याच समाजाची मोटार आपल्याच तीर्थाकडे जाताना त्यांच्यासाठी संकट ठरू नये. पहाटे वेग निम्मा ठेवावा आणि वळणावर हॉर्न द्यावा. चालणारे दिसताच प्रखर दिवा खाली करावा. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्यांविना चालतात. सूर्यास्ताआधी परतण्याचे हेही एक कारण समजावे.

शेवटी काही लहान गोष्टी. भोजनशाळेस आदल्या दिवशी संख्या कळवावी, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही आणि अन्नही वाया जात नाही. गाळून उकळलेले पाणी घरूनच न्यावे. स्वच्छतागृहासाठी कोठे थांबणार, हे निघतानाच ज्येष्ठांना सांगावे, म्हणजे ते पाणी टाळणार नाहीत. चालकाचे जेवणही आपल्याच वेळेस व्हावे. बसने गेल्यास उतरतानाच परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून ठेवाव्यात. पहिली चुकली तर दुसरी हाताशी असते.

वेरूळहून परतलो त्या दिवशी बिडकीनच्या रस्त्याला लागलो तेव्हा शेतांवर ऊन होते. घरी पोहोचून आईने हात-पाय धुतले, ओसरीवर बसून तांब्याभर पाणी घेतले आणि मग पश्चिमेकडे पाहिले. सूर्य अजून दोन हात वर होता.