घोडनदीच्या घराची राखण

शिरूर हे गाव पुणे–नगर रस्त्यावर आहे, आणि म्हणूनच ते फारसे कोणी पाहिलेले नाही. हमरस्त्यावरच्या गावांचे दैव असेच असते. प्रवासी रांजणगावच्या महागणपतीला हात जोडतो, शिरूरला चहा घेतो आणि नगरची वाट धरतो. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. आहुप्याच्या डोंगरात उगम पावलेली घोड गावाला लागून वाहते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो.

मला हे गाव चांगले सात दिवस पाहावयास मिळाले, त्याचे श्रेय दोन महिन्यांच्या एका कुत्र्याच्या पिलाला आहे.

माझा एक मित्र येथे स्थायिक झाला आहे. नातवाच्या बारशासाठी पतिपत्नी बंगळूरला निघाली, तेव्हा त्याने मला लिहिले, “सुट्टी आहेच, तर घर राखायला ये. पुस्तके आण, निवांत लिही.” घर राखायला खरे तर एक कुलूप पुरते, राखायचा होता तो बारक्या. नवव्या दिवसापूर्वी तो दौंडहून आला होता. वहिनींनी त्याच्यासंबंधी दोन फुलस्केप पाने भरून सूचना लिहून ठेवल्या होत्या. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे, गाईचे दूध नाही, कांदा नाही, बेदाणे नाहीत, चॉकलेट मुळीच नाही. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या: “जमिनीवर बाहेर सोडू नये. लस एकच झाली आहे.”

पहिल्या रात्री शिरूर शांत होते, बारक्या नव्हता. आईच्या आणि भावंडांच्या उबेत झोपलेल्या जिवाला एकटे निजणे ठाऊक नसते. मी कोमट पाण्याची बाटली जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्या टोपलीत ठेवली आणि टोपली माझ्या खाटेशी ओढली. एवढ्याशा पिलाला लघवी दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही, म्हणून रात्री तीनदा उठून अंगणाच्या फरशीवर न्यावे लागे. दिवसा मात्र स्वारी अठरा तास झोपे, आणि उरलेल्या सहा तासांत माझी चप्पल, वहिनींचे पायपुसणे आणि माझ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा यांची तपासणी करी.

शेजारच्या मावशी कौतुकाने पाहत. “अहो सर, दूधभाकरी घाला, गुटगुटीत होईल.” त्यांचा हेतू प्रेमाचा; परंतु गाईचे दूध पुष्कळ पिलांना पचत नाही आणि जुलाब लागतात. वहिनींची पाने दाखवून मी सुटका करून घेतली.

तिसऱ्या दिवशी दौंडहून फोन आला. बारक्याचे एक भावंड दगावले होते, पार्व्होने. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि लहान पिलांचा काळ ठरला. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि माणसाच्या चपलेबरोबर घरातही येतो. लागण झाल्यावर लक्षणे बहुधा आठवड्यात दिसतात. पण दोन आठवडे धीर धरावा लागतो. बारक्याला दौंड सोडून अकरा दिवस झाले होते. म्हणजे माझ्या पाहुणचाराचे पुढचे तीन दिवस परीक्षेचे होते, आणि उत्तरपत्रिका माझ्या पायाशी झोपली होती.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने खाण्याला तोंड लावले नाही, आणि दुपारी ओकला. मी त्याला शबनम पिशवीत घालून पशुवैद्याकडे धावलो. त्यांनी ताप पाहिला, पार्व्होची चाचणी केली. ती दहा मिनिटे मला फार मोठी गेली. मग ते हसले. “सर, पार्व्हो नाही. पोटात जंत आहेत. औषध देतो. उद्या पुन्हा दाखवा.” दुसऱ्या दिवशी त्याने वाटी चाटून पुसून ठेवली, आणि मग वाटीच पळवली.

त्याच पशुवैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पिलाच्या तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याने जे पाहिले, ऐकले, त्याची भीती त्याला पुढे वाटत नाही. लस पुरी होईपर्यंत जमिनीवर सोडायचे नाही, आणि जग तर आताच दाखवायचे! उपाय एकच: पाय जमिनीला न लावता गाव दाखवा.

अशा रीतीने आमचे शिरूरदर्शन पिशवीतून झाले. बाजारपेठ, एस. टी. चा थांबा, ट्रकचे भोंगे, नदीचा पूल. एका संध्याकाळी आम्ही कर्नल वॉलेसच्या समाधीकडे गेलो. शिरूर ही एके काळी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगाव भीमाकडे कूच करणारी पलटण येथूनच निघाली. त्यापूर्वीच, १८०९ मध्ये, वॉलेस येथे वारला. आश्चर्य असे की आसपासच्या लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ मानले आणि सुगीचे पहिले धान्य समाधीवर वाहण्याची प्रथा पडली. परक्यालाही आपला राखणदार करून घ्यावे, ही आपल्या मुलखाची रीतच आहे. बारक्याने पिशवीतून मान काढून समाधी हुंगली व जांभई दिली.

सातव्या दिवशी यजमानांना उतरवून घ्यायला मी दौंडला निघालो. बारक्या बरोबर होताच. न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडली की दोन्हीकडे ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर. जवळच केडगाव, १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुलींना येथे आणून आसरा दिला, त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. पुढे दौंड. घोडनदीचे पाणीही भीमेला मिळून याच गावावरून जाते; आम्ही रस्त्याने आलो, एवढाच फरक.

दौंड हे रेल्वेचे गाव. दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि गावाला जंक्शनचा मान आला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन येथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. आता कॉर्ड लाईनमुळे अनेक गाड्यांचा तो खोळंबा वाचला आहे. फलाटावर गाडी धडधडत शिरली, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले; पिलू दचकून कायमचे भित्रे तर होणार नाही? बारक्याने कान टवकारले, डब्यांची रांग डोळ्यांनी मोजली आणि माझ्या बोटाला दात लावले.

वहिनींनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “भावजी, वाळलात हो तुम्ही!”

दिवाळीत तुम्हांलाही कोणी असेच घर सोपवले, तर नाही म्हणू नका. मात्र यजमानांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: लसींच्या तारखा, खाण्याच्या वेळा आणि पशुवैद्यांचा नंबर. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारे-खिडक्या लावून पिलाजवळ बसा. त्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात. पुस्तके नेलीत तरी चालतील, पण ती वरच्या फळीवर ठेवा.