रामघाटाच्या पायऱ्या आणि बदलाचा वेग

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलसचे पेपर तपासताना एक चूक इतक्या वेळा दिसते की उत्तर बघूनच ती ओळखता येते. टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी. खोली 8 मीटर, तोंडाची त्रिज्या 4 मीटर. दर मिनिटाला 2 घनमीटर पाणी पडतंय. पाणी 4 मीटर खोल असताना पातळी किती वेगाने वाढतेय? उत्तर मिनिटाला साधारण 16 सेंटिमीटर. निम्म्या वह्यांत 48 येतं, म्हणजे बरोबर तिप्पट. विद्यार्थ्याने त्या क्षणाची त्रिज्या 2 मीटर काढली, घनफळाच्या सूत्रात घातली आणि मग डेरिव्हेटिव्ह काढला. त्याच्या लेखी त्रिज्या गोठली, शंकूचा पाइप झाला. डेरिव्हेटिव्ह काढायला तो चुकला नाही. काय बदलतंय हे त्याने ठरवलंच नव्हतं. त्रिज्या नेहमी खोलीच्या निम्मी आहे, एवढं आधी लिहिलं असतं तर पुढचं काम दोन ओळींचं होतं. क्षणाचा आकडा सगळ्यात शेवटी घालायचा, हे मी पहिल्या तासापासून सांगत आलो आहे.

उज्जैनच्या मुलांना शंकूची टाकी परकी वाटते, क्षिप्रा नदीवरचा रामघाट वाटत नाही. म्हणून पावसाळ्यात क्षिप्रा चढू लागली की मी हे उदाहरण घालतो. समजा पाणी तासाला 6 सेंटिमीटर चढतंय. पायरीची उंची 15 सेंटिमीटर, रुंदी 30 सेंटिमीटर धरू. पाण्याची कड घाटावर किती वेगाने आत सरकते? सगळे पटकन 12 सांगतात: उंचीच्या दुप्पट रुंदी, म्हणून वेगही दुप्पट. उताराचा गुळगुळीत घाट असता तर हे बरोबरच होतं. पण पायरीशी उभं राहून बघा. पाणी पायरीच्या उभ्या अंगाला लागलंय, अडीच तास वर चढतंय, आणि तेवढा वेळ कड तसूभरही पुढे येत नाही. मग पाणी पायरीच्या माथ्याला पोचतं आणि सपाट दगडावर एकदम पसरतं. लाटा आणि दगडाचा बारीक उतार सोडला तर सगळे 30 सेंटिमीटर एका दमात. सरासरी तासाला 12च येते. आणि तो वेग एकाही क्षणाला नसतो! अडीच तास शून्य, आणि उडीच्या जागी डेरिव्हेटिव्हच नाही. सरासरी वेग आणि क्षणाचा वेग यांतला फरक फळ्यावर लिमिटची व्याख्या लिहून जेवढा उतरत नाही, तेवढा या एका पायरीने उतरतो. परीक्षेतल्या प्रश्नात मात्र घाट गुळगुळीतच असतो. ते गृहीत धरलेलं आहे एवढं मुलांनी ओळखावं, इतकंच मला हवं असतं.

क्षणाचा वेग हा प्रश्न या गावाला नवा नाही. जुन्या सिद्धान्तग्रंथांत भूमध्यरेखा, म्हणजे शून्य रेखावृत्त, लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी जाते. देशोदेशीचं गणित उज्जयिनीच्या वेळेशी जोडलेलं असे. याच परंपरेत भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यांचं गाव मात्र सह्याद्रीच्या कुशीतलं. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. आज आणि उद्याच्या स्थानांतला फरक म्हणजे ग्रहाची दिवसाची गती, हे सगळ्यांना माहीत होतं. चंद्रासाठी ते पुरत नाही, कारण त्याची गती मोठी आणि क्षणोक्षणी वेगळी. तिथी कधी संपते हे नेमकं काढायचं तर त्या वेळची गती हवी. भास्कराचार्यांनी तिला तात्कालिक गती म्हटलं, आणि ती काढताना ज्येतला अल्प बदल कोटिज्येच्या प्रमाणात घेतला. आजच्या भाषेत, साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन.

याकडे युरोपीय विद्वानांचं लक्ष वेधलं ते मराठी माणसाने. बापूदेव शास्त्री 1821 मध्ये जन्मले, माळव्यातच, सिहोरला, विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली शिकले आणि पुढे काशीला शिकवू लागले. भास्कराचार्यांना डिफरन्शियल कॅल्क्युलस माहीत होतं, असा लेख त्यांनी 1858 मध्ये लिहिला. 1860 मध्ये स्पॉटिसवूड या गणितज्ञाने इंग्लंडहून आक्षेप घेतला. माझं मत असं की भास्कराचार्यांकडे कोणत्याही फंक्शनला लावता येईल अशी सर्वसाधारण पद्धत नव्हती, स्पॉटिसवूड तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण क्षणाची गती मागणं आणि ती काढून वापरणं ही मोठी उडी होती, आणि तिचं मोल बापूदेवांनी नीट ओळखलं. भास्कराचार्य आणखी एक गोष्ट सांगतात: मध्यम (सरासरी गतीने येणाऱ्या) आणि स्पष्ट (प्रत्यक्ष दिसणाऱ्या) ग्रहांतलं अंतर जिथे सर्वांत जास्त, तिथे गतीतला फरक शून्य.

हेच वाक्य आमची मुलं ‘डेरिव्हेटिव्ह बरोबर शून्य’ असं पाठ करतात. त्यांना मी इथल्या, सवाई जयसिंगाने उभारलेल्या वेधशाळेत नेतो. तिथलं शंकुयंत्र पुढच्या काळातलं, गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली बांधलेलं. ओट्याच्या मधोमध शंकू, आणि ओट्यावर सात रेषा; सूर्य राशी बदलतो त्या दिवसांच्या. दोन रेषांमध्ये वेळ जवळजवळ सारखाच, एकेक महिन्याचा. अंतर मात्र सारखं नाही. विषुवदिनापासून निघालं की सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर, पहिल्या महिन्यात साडेअकरा अंश वाढते, दुसऱ्यात पावणेनऊच्या आसपास, तिसऱ्यात जेमतेम सव्वातीन. उन्हाळ्याकडच्या टोकाला रेषा दाटत जातात. कोसाइन लहान होत जातो म्हणजे काय, ते तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

उज्जैन कर्कवृत्ताच्या दक्षिणेला साधारण पाव अंशावर आहे. मार्चमध्ये क्रांती तेवढा पाव अंश एका दिवसाच्या आत ओलांडते. जूनमध्ये सूर्य मध्यान्ही इथल्या बरोबर डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते, आणि तिथून पुढचा तेवढाच पाव अंश गाठायला त्याला आठ-नऊ दिवस लागतात. परत यायला तेवढेच. म्हणून शून्य सावली इथे 21 जूनच्या आठ-नऊ दिवस आधी एकदा आणि तेवढ्याच दिवसांनी नंतर एकदा. मधल्या दिवसांत मध्यान्हीची सावली किंचित दक्षिणेला पडते. शिखराजवळ बदल रेंगाळतो. कमाल-किमान मूल्यांच्या प्रत्येक गणितात मुलं शून्याशी समीकरण मांडतात, ते याच रेंगाळण्याला शोधायला.

यावर कुणीतरी हमखास विचारतं, मग x³ चं काय? त्याचाही डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी शून्यच आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. 21 जूनच्या अलीकडे क्रांती वाढते, पलीकडे घटते. डेरिव्हेटिव्हचं चिन्ह बदलतं. x³ शून्याच्या अलीकडेही वाढतो, पलीकडेही वाढतो. तो क्षणभर थांबतो, वळत नाही. म्हणून शून्याशी समीकरण सोडवून झालं की दोन्ही बाजूंचं चिन्ह तपासायचं, अंतराल बंद असेल तर त्याच्या टोकांवरची मूल्यंही काढायची. ही तपासणी उत्तरपत्रिकेत लिहिलेली नसेल, तर शेवटचं उत्तर बरोबर असूनही मी त्या पायरीचे गुण देत नाही.